म्याडमले बेटा सांगतला, त्याचं असं झालं

हैदराबाद

आदरणीय लटारूभाऊजी यांस, सावली गावच्या पंक्चर दुकानापर्यंत वाकून निकेशचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रुखमाबाईची कंबर? (बहीण माही आहे, पण कंबर आता तुमच्या हिश्श्यात आली, म्हणून तुमालेच पुसतो.) धानाची रोवणी झाली का? इथी मी बरा आहो, म्हणजे जेवतो-झोपतो, बाकी डोक्याचं काही खरं नाई. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता न् ट्यूब बदलवाले आलेला माणूसही मले सल्ला देते. म्हणून कागद घेतला. अक्षराले हासू नका. सातवीतून निंघालो तवा गुरुजी पोटभर हासून मोकळे झाले होते.

तुम्ही गावात सांगता का निकेश मोठ्या खेळाच्या कंपनीत आहे. तर ऐका. धानाच्या गोदामाएवढी एक खोली आहे. तिच्यात भिती, त्याही सरळ नाई, अंगावर आलेल्या. भितीले रंगीत प्लास्टिकचे गोटे बोल्टनं कसलेले. लोक हापिसातून येतात, पायापेक्षा लहान जोडे घालतात (दुखतात म्हणून रडतात, पण घालतात), हाताले पांढरी भुकटी चोळतात न् गोटे धरून वर चढतात. वर काहीच नाई, भाऊजी! ना मोहाचं फूल, ना मधाचं मव्हाळ. मी सोता चढून पाहून आलो. वर पोचले का टाळ्या घेतात न् धप्पकन खाली गादीवर पडतात. मी गोटे कसतो, ब्रशनं घासतो, गादी झाडतो.

आता घोळ कुठी झाला ते सांगतो. हे लोक भितीपुढं उभे राहून घंटा घंटा पोराइच्याच गोष्टी करतात. एक म्हणते, "इसका बेटा क्या है?" दुसरा म्हणते, "मेरा बेटा अलग है." एक बाई तर चिडून म्हणे, "मेरेकू दूसरे का बेटा नक्को, मैं अपना खुद निकालती." माहा झाडू हातातच राह्यला. बिनलग्नाचा एक पोरगा आनंदानं सांगून राह्यला होता का त्याले बेटा यूट्यूबवर भेटला. म्हटलं, शहर आहे, असतीन इथल्या रीती. आपण काऊन बोलाव?

मंग इथी चढायचे सामने झाले. आपल्याकडं कबड्डीत पुढच्याचा डाव पाहूनच माणूस शिकते, इथी उलटं. ज्याची पाळी यायची आहे त्याले खोलीत कोंडतात, फोन काढून घेतात, कोण कसं चढलं ते दिसू नये म्हणून. (मले वाटलं याइनं काही चोरलं असन.) दारावर मी. आत नूरीम्याडम. म्याडम शाळेत शिकवतात, चाळिशीच्या आहेत, रोज मले आपल्या डब्यातलं देतात. त्याइचा नदीम कॉलेजात जाते, तो आईचा खेळ पाह्यले आला होता. म्याडम दारातून डोकावून हासत म्हणे, "निकेश, बेटा बता ना!"

आईचा जीव, मी काय लपवू? जे पाह्यलं ते सांगतलं. "पहले दाएं गया, जमा नहीं. फिर लाल के पीछे से बाएं गया, कोने में बैठा. दोनों हाथ से पकड़ा है, अब सीधा ऊपर जाएगा." (उजवीकडं गर्दी होती. लाल म्हणजे पाण्याची टाकी. धरला तो समोसा. वर म्हणजे माडीवरच्या संडासात, पण बाईमाणसापुढं एवढं खोलून काऊन सांगाव.)

म्याडमनं हवेतच हात डावीकडं-वर फिरवून पाह्यले. त्याइच्या आधीच्या साऱ्या बाया उजवीकडून जाऊन पडल्या होत्या. म्याडम गेल्या त्या लाल गोट्याच्या मागून डावीकडं, कोपऱ्यात बूड टेकलं, दोन्ही हातानं गोटा धरला न् सरळ वर! सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या.

तर आत कोंडलेल्या दुसऱ्या बाईनं माहं बोलणं ऐकलं होतं. तिनं तक्रार केली. मालकसाहेबानं बोलावलं. "तूने बेटा बताया?" मी छाती काढून म्हटलं, "बताया, साब. माँ पूछ रही थी, कैसे नहीं बताता?" साहेबानं कपाळ धरलं. तवा कळलं का चढायच्या युक्तीलेच हे लोक बेटा म्हणतात. इंग्रजी आहे म्हणे. मंग सरळ युक्ती म्हणाले काय जाते यांचं?

आता म्याडमचा पहिला नंबर अडकला न् माही नोकरीही. पंधरा दिवसानं बैठक आहे. मले खरंच काही समजत नव्हतं असं साबित झालं तर दोघंही सुटलो. समजून-उमजून सांगतलं असन तर म्याडमचा नंबर गेला न् मी आलो तुमच्या दुकानात हवा भराले. मी रोज सांगून राह्यलो का साहेब, मी येडा आहो. तर साहेब म्हणते, येडा माणूस एवढ्या सफाईनं आपल्याले येडा म्हणन का? आता मलेच समजून नाई राह्यलं का मी येडा आहो का नाई.  काल म्याडमच्या डब्यात बिर्याणी होती, पण बोटी एकही नाई.

रुखमाबाईले आठवण सांगजा. गुडघ्याले तेल लावत राहा.

तुमचा साळा,
निकेश

ता. क. साहेब घरच्या माणसाले फोन करून माह्याबद्दल पुसणार आहे. मी तुमचा नंबर देला. तुम्ही मले लग्नात-बारशात जे जे म्हणता तेवढंच सांगा, त्यात कमी करू नका. गोऱ्हा विकाले नेला न् बाजाराचा रस्ताच चुकलो, ते तर सांगाच. नेमकी याच वेळी साळ्याची माया येऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. व्याहाडचे हरिदासकाका आहेत ना, पुनमचे बाबा, तेही तुमाले फोन करतीन, पोरगा कसा आहे म्हणून. (माह्याशी लग्न कराचं पुनमचं ठरलं आहे, बाबाइचं ठराचं आहे.) त्याइले सांगा का असा हुशार पोरगा अख्ख्या तालुक्यात नाई. दोन्ही फोन एकाच आठवड्यात येतीन, तर भाऊजी, पाया पडतो, एवढं ध्यानात ठेवा: हिंदीत आला तर मी येडा, आपल्या बोलीत आला तर हुशार.