दाराचं पुस्तक

सोमवार, ६ जानेवारी

आलो बाई एकदाच्या! सामानाचा टेंपो सकाळी पोचला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही दोघींनी घर लावूनही टाकलं. दोघी म्हणजे मी आणि माझी लेक ठकू. ठकू आठ वर्षांची आहे, हातापेक्षा तिच्या तोंडाचा पट्टाच जास्त चालतो. तिचे बाबा जहाजावर असतात, ते परत येईपर्यंत घरात आमचंच राज्य. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा आणि स्वयंपाकघरात चक्क मोठी खिडकी. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, स्वभावाने गोड, फक्त बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून दात बघतात.

दुपारी वाचनालयात जाऊन नव्या नोकरीची हजेरी लावून आले. पुस्तक-दुरुस्तीची खोली मला फारच आवडली. लांब टेबल, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं, दाभण, पुठ्ठ्यांची चळत आणि भरपूर उजेड. ग्रंथपालबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, की इथे पुस्तक बांधायला घेण्याआधी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, नाहीतर पानं मागेपुढे शिवली जातात. म्हणजे गोष्टी वाचायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. मी मनातल्या मनात उडी मारली.

गुरुवार, ९ जानेवारी

इथल्या लोकांची एक गंमत कळली. डॉक्टरीणबाईंचे यजमान दुपारी जेवायला येतात, दार वाजवतात आणि दार काही उघडत नाही. आतून बाई काहीतरी विचारतात, बाहेरून हे उत्तर देतात, मग कडी निघते. पहिल्या दिवशी मला वाटलं, नवराबायकोचं बिनसलेलं दिसतंय. मग लक्षात आलं, की समोरच्या घरी तेच, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडेही तेच. परका माणूस असेल तर साखळी लावून फटीतून बघतात. प्रश्न असतो तो फक्त घरच्यांना.

ग्रंथपालबाईंना विचारलं तर त्या खुदकन हसल्या. म्हणाल्या, एका गोष्टीच्या पुस्तकातलं आहे ते. लहानपणी सगळ्यांनी वाचलेलं, मग त्याचा खेळ झाला आणि मोठेपणीही कुणाची सवय गेली नाही. मुलं त्याला दाराचं पुस्तक म्हणतात.

ठकूला शाळेत हा खेळ कालच कळलाय, त्यामुळे आमच्याकडेही तो सुरू झाला. आतली विचारणार, वाघ कुठे झोपतो? बाहेरचीने म्हणायचं, पिठाच्या डब्यात. ती तीन वर्षांची असताना तिचा कापडी वाघ हरवला होता. घर डोक्यावर घेतलं होतं तिने. शेवटी पोळ्या करायला बसले तेव्हा पिठात पांढराफटक होऊन सापडला. ही गोष्ट आमच्या दोघींखेरीज कुणाला ठाऊक नाही, तिच्या बाबांनासुद्धा नाही.

बुधवार, १५ जानेवारी

आज दाराचं पुस्तक माझ्या टेबलावर आलं. वाचनालयात आहेत तेवढ्या सगळ्या प्रती एकदम आल्या, सगळ्यांची सारखीच दुर्दशा. नियमाप्रमाणे वाचायला बसले. गोष्ट अगदी साधी आहे. एक मुलगी घरी एकटी असते, आई बाहेर गेलेली असते. दार वाजतं. आवाज आईचा, हाक मारायची तऱ्हा आईची. मुलगी फक्त आईलाच उत्तर ठाऊक असलेला एक प्रश्न विचारते. बाहेरची उत्तर देते. मुलगी कडीला हात लावते.

आणि पुढची पानंच नाहीत. एकाही प्रतीत नाहीत. कुणीतरी कण्यापाशी बोटांनी ओढून काढलेली आहेत. मला मेलीला उत्सुकतेने जेवण गोड लागलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

हरवलेलं पान दुसऱ्या प्रतीवरून टाइप करून चिकटवायचं, अशी इथली पद्धत. दुसरी प्रत नसेल तर ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना विचारायचं. म्हणून चार दिवस मी लोकांना शेवट विचारत हिंडतेय आणि माझं डोकं पार उठलंय.

प्रत्येकाचा शेवट वेगळा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटच्या चित्रात निळ्या नळाचं स्वयंपाकघर होतं. त्यांच्या माहेरी निळा नळ होता. शिंपी म्हणाला, चित्रातली बाई लंगडत आत येते. त्याची आई लंगडत असे. ठकूच्या वर्गशिक्षिकांनी आधी हातातल्या वह्या नीट रचल्या. मग म्हणाल्या, की मुलीने दार उघडायला नको होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले. चांगल्या पन्नाशीच्या बाई! लहानपणी वाचलेली गोष्ट इतकी कशी कुणाच्या अंगात मुरते, मला कळत नाही. त्यांना मी पाणी आणून दिलं.

गुरुवार, २३ जानेवारी

ठरवलं. कुणाचाच शेवट घ्यायचा नाही, आपणच लिहायचा. ग्रंथपालबाईंनी मान डोलावली. मुलांना रडवणारा शेवट मी लिहिणार नाही. बाहेर खरीच आई आहे, उत्तर बरोबर येतं, दार उघडतं, दोघी जेवायला बसतात. झालं.

फक्त प्रश्न काय घालावा ते सुचेना. दोन दिवस खोटे प्रश्न लिहून पाहिले, सगळे बेचव वाटले. मग आमचा वाघ आठवला आणि हात भराभर चालायला लागला. पिठाचा डबा, आमच्या स्वयंपाकघरातली मोठी खिडकी, ठकूची वेणी, माझी ठेंगणी मूर्ती, सगळं त्यात आलं. मला स्वतःलाच लिहून भरून आलं.

बुधवार, २९ जानेवारी

पुस्तकं बांधून झाली. नवे कणे, कापडी पट्ट्या, कोरे करकरीत पुठ्ठे. माझ्या हातची पानं इतकी बेमालूम बसली, की मीच माझी पाठ थोपटून घेतली. मुलांनी रांग लावून नेली.

ग्रंथपालबाईंनी शेवट वाचला आणि म्हणाल्या, अगदी हाच होता. मला वाटलं, माझं मन राखतायत. पण संध्याकाळी डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांचंही तेच. आता लख्ख आठवलं म्हणाल्या, पिठाचा डबा, मोठी खिडकी, ठेंगणी आई, लहानपणी ते चित्र बघून रात्ररात्र झोप यायची नाही. मी म्हटलं, अहो, चित्र नाहीच, मी फक्त मजकूर लिहिलाय, आणि तोही गेल्या आठवड्यात. निळ्या नळाची आठवण करून दिली. त्यांच्या घरी निळा नळ कधी नव्हताच म्हणे.

मला हे बरं वाटलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठकू शाळेतून रडत आली. सगळा वर्ग तिला बघून पिठाचा डबा, पिठाचा डबा, असं ओरडतो. तिचा राग मुलांवर नव्हताच, माझ्यावर होता. ते आपलं होतं, असं म्हणून तिने दप्तर फेकलं. ते आपलं होतं आणि तू सगळ्यांना देऊन टाकलंस.

तिला जवळ घेतलं तर अंग चोरून बसली. फार वाईट वाटलं. गोष्ट चांगली व्हावी म्हणून मी घरातली एकुलती एक खरी वस्तू उचलून बाहेर मांडून आले. असली दुर्बुद्धी मला कुठून सुचली, देव जाणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अर्धी रजा काढून घरी होते. दुपारी दार वाजलं. मी प्रश्न विचारायच्या आतच बाहेरून उत्तर आलं, पिठाच्या डब्यात. ठकूचा आवाज. तिची ती ओढून बोलायची लकब. मी हात पुसत उठले, कडीला हात घातला.

तेवढ्यात न्हाणीघरातून ठकू टॉवेल मागायला लागली. ती केव्हाच घरी आली होती. मीच तिला अंघोळीला पिटाळलं होतं.

मी कडीवरचा हात काढून घेतला. मग बाहेरून पुन्हा एकदा, जरा लाडात — पिठाच्या डब्यात, आई गं. मी तोंडात पदर कोंबून उभी राहिले. खिडकीतून पाहिलं तर पायरीवर कुणी नव्हतं. शाळेतली कुणी वात्रट पोरगी असेल, असं मनाला सांगतेय. मन ऐकत नाहीये.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ठकूने प्रश्न बदलला. नवा कोणता ते सांगत नाही. सांगितलं तर तू लिहून टाकशील, असं म्हणाली. मी म्हटलं, अगं, मग मी उत्तर कसं देणार? तिने मला मोठ्या बाईसारखं न्याहाळलं आणि म्हणाली, खऱ्या आईला येईल.

मी हसण्यावारी न्यायला गेले. ती हसली नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सगळ्या प्रती परत मागवल्या. माझी पानं काढून टाकणार होते. दाभण घेऊन बसले आणि पहिलीच प्रत उघडली —

पानं नाहीत. एकाही प्रतीत नाहीत. कण्यापाशी तसाच बोटांनी ओढलेला काठ. मी ती दुहेरी दोऱ्याने शिवली होती, मुलाच्या हाताने निघणं शक्य नाही. ग्रंथपालबाई शांतपणे म्हणाल्या, ती जातातच. वापरायची असतात ना कुणाला तरी. कुणाला, ते विचारलं तर त्या कार्डं लावत राहिल्या.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज ग्रंथपालबाईंना धरूनच बसले. तेव्हा बोलल्या. त्यांची थोरली बहीण एकदा बाजारातून परत आली, उत्तर बरोबर दिलं, आईने दार उघडलं. थोड्या वेळाने पुन्हा दार वाजलं. पुन्हा बहीणच होती. आईने उघडलं नाही. ती बाहेरची पायरीवर बसून रडत होती, अंधार पडेपर्यंत. मग आवाज बंद झाला.

मी विचारलं, आणि घरात आलेली? बाई म्हणाल्या, तीही चांगलीच निघाली हो. लग्न झालं, मुलं झाली. आईचं शेवटपर्यंत तिनेच केलं. वर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, घाबरू नका, आत आलेल्या त्या मुलांना फार जपतात.

हे गाव सोडायचं. परवाच. तिच्या बाबांना फोन लागत नाही, जहाज भर समुद्रात आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

भांडी बांधली. ठकू दिवसभर माझ्यापासून जरा लांब लांब. दोनदा विचारलं, प्रश्न काय आहे गं? एकदाच सांग. नाही म्हणाली. मला तिचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. स्वतःला वाचवायला शाळेत शिकलेला खेळच ती खेळतेय.

तिला माझ्याबद्दल आठवतं ते सगळं मला आठवतं का? दिवसभर उजळणी करतेय. तिचा पहिला शब्द. पडलेला दात कुठे पुरला. कुठलं गाणं — मध्येच गाळलेल्या जागा सापडतायत. आधी होत्या का या?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टेंपोवाल्याला आणायला गेले होते. एवढंच. ही गेले आणि ही आले. तिला सांगितलं होतं, कडी लाव, माझ्याशिवाय कुणाला उघडू नकोस. किल्ली आहे माझ्याकडे, पण आतून कडी आहे.

भर दुपार आहे. मी पायरीवर बसून लिहितेय, कारण लिहिलं नाही तर मी किंचाळेन.

तिने प्रश्न विचारला. बाबा जहाजावर गेले त्या दिवशी तू माझ्या कानात काय म्हणालीस?

म्हणाले होते. काहीतरी म्हणाले होते, ती हसली होती, ते आठवतंय. शब्द — शब्द नाहीत. मी चार गोष्टी सांगून पाहिल्या. प्रत्येकीला ती आतून म्हणाली, नाही.

मग म्हणाली, आणि माझी आई आलीये केव्हाच. तिला पहिल्या फटक्यात आलं.

आत भांडी वाजतायत. मी बांधलेली भांडी कुणीतरी सोडतंय.

दार बडवलं. वर डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून पाहिलं. मी ओरडले, अहो, मी, मीच आहे. त्यांनी हात जोडले आणि खिडकी लावून घेतली. समोरच्यांनीही. टेंपोवाला आला, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी वळवून —

ठकू, आठवतंय मला. थांब. आठवतंय. मी म्हणाले होते की — 

कडी वाजली. दार उघडलं, साखळीपुरतं. फटीत तिचा एक डोळा. किती वेळ बघत होती माझ्याकडे. वेणी नव्याने घातलीये, घट्ट, मला कधी जमली नाही तशी. मी बोट पुढे केलं, तिने ते धरायला हात — मग थांबली. मागे वळून म्हणाली, आई, ही अगदी तुझ्यासारखीच आहे गं, रडतेय, घेऊया का हिला आत?

आणि आतून, माझ्याच आवाजात, मी म्हणाले —