पदरावरची नागली

आये, काल तुझ्या ठशांचं गाठोडं सोडलं. तू गेलीस त्याला सात वर्षं होतील, आणि इतक्या दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. सागाचे ठसे तसेच आहेत, मुठीपाशी तुझ्या तेलकट हाताने गुळगुळीत झालेले. बाबांनी सूर्यमाळच्या रानातले बिब्बे आणून दिले आणि तू बसायचीस तिथेच, पडवीत, मी बसले.

भात झोडून झालं की तू तिथे बैठक मारायचीस. करवंटीत बिब्ब्याचं तेल, त्यात भिजलेली चिंधी, शेजारी चुन्याची निवळी. ठसा चिंधीवर टेकवायचा, खांद्यावरून घ्यायच्या फडकीवर दाबायचा, वरून चुना फिरवायचा. तपकिरी डाग बघता बघता काळा होतो आणि मग कापड विरलं तरी जात नाही. मोखाड्याच्या बाजारात बायका तुझ्या फडक्या ओळखून घ्यायच्या, कारण प्रत्येकीच्या कोपऱ्यात तू नागलीचं कणीस उठवायचीस. एकदा मी तशीच करवंटीत बोट घालायला गेले, तर मनगटावर फटका बसला. "आदी गोडं तेल लाव हाताला. बिब्बा उतताना कुनाची लेक हाय ते बघत नाय."

नाशिकच्या वसतिगृहात जाताना मास्तरांनी सांगितलं, कपड्यांवर खूण करून द्या. तू नव्या लुगड्याच्या पदराला, चारचौघांत दिसेल अशी, नागली उठवलीस. "तुला कागदावर नाव लिवता येतं. मला हेच येतं," म्हणालीस. पहिल्याच सकाळी शेजारच्या खाटेवरची मुलगी विचारते, "अगं, तुमच्याकडचा धोबी पदरावरच खूण करतो वाटतं?" आणि सगळ्या हसतात. शहरात बिब्ब्याचा काळा ठसा म्हणजे धोब्याची खूण, ती आतल्या काठाला लपवायची, हे तुला कुठून ठाऊक असणार? मलाही नव्हतं. मी साबण लावला, लिंबू चोळलं, दगडावर घासलं. तुझी नागली हलली नाही. शेवटी पदराचं टोकच कातरलं.

दिवाळीत घरी येऊन सांगितलं, धोब्याने फाडलं. तू पदर हातात घेतलास, कडेवरून बोट फिरवलंस. एकही धागा सुटलेला नव्हता. "तिकडचे धोबी कातर घेऊन धुतात काय गं?" एवढंच बोललीस, सुई ओवलीस आणि कड दुमडून शिवून दिलीस. पुढच्या लुगड्यावरही नागली होती, पण कमरेला खोचायच्या टोकावर. "आता कुनाला दिसत नाय," म्हणालीस. मी मान हलवली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पुढच्या दिवाळीला तू नव्हतीस.

आये, मी बी. ए. झाले. उद्यापासून जव्हारच्या मुलींच्या शाळेत शिकवणार आहे. पाड्यांवरून काही मुली येणार आहेत, घरच्यांना पटवता पटवता बाबांच्या वहाणा झिजल्या. एका पोरीची आई म्हणाली, "बाई आपल्यातली हाय ना, मग येईल." तिच्या खांद्यावर तुझी फडकी होती, धुऊन धुऊन विरलेली, कोपऱ्यात नागली काळी कुळकुळीत. तिच्या लेकीपुढे मी कोऱ्या पदराने उभी कशी राहणार?

म्हणून काल नव्या पांढऱ्या लुगड्याच्या पदरावर ठसा दाबला. दाबताना श्वास धरला होता, कारण चुकलं तर पुसता येत नाही. तो थोडा तिरका उठला. बाबा बघून म्हणाले, "तिचा सरळ उठायचा." पावसाळा सरला की मुलींनाही ठसे धरायला शिकवीन. अक्षरांच्या जोडीने तेही यायला हवं, असं मला फार वाटतं.

हे पत्र ठशांबरोबर गाठोड्यात बांधून ठेवते. अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत. घाईत तेल लावायला विसरले.