पाकिटावरचं नाव

वैशाली नगर, जयपूर
८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्सं यांस,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीज गेली, आणि यंदा तुमचं कार्ड आलं नाही. रागावून लिहीत नाही. हे आषाढात गेले, मग भावासाठीचं कार्ड यायचं कुणाला, हे मलाही कळतं. तरी रोज फाटकात जाऊन उभी राहत होते. डाकिया भैया लांबूनच मान हलवायचा.

आईची चौकशी करायला निलयचा बंगळुरूहून फोन आला. मोबाइलवर पणत्या पुष्कळ लुकलुकल्या, पण त्या काही हातात घेता येत नाहीत. घर खायला उठतं, वन्सं. इतकी वर्षं तुमची कार्डं आली ती ह्यांच्या नावानं. मोठ्यानं वाचायचे मात्र मी. माझ्या नावानं एकही आलं नव्हतं, हे आत्ता ध्यानात आलं.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.
मालन


सातारा
२० नोव्हेंबर

चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना चहा निवून गेला. अगं, कार्ड आणलं होतं. पेन उघडलं आणि 'चि. उत्तम' लिहायला हात गेला. खूप रडले. मग वाटलं, तुलाच लिहावं. पण दुःखाच्या घरी वर्षाच्या आत रंगीत कार्ड धाडलेलं आपल्यात कुणी पाहिलंय? त्यात पाकिटावर अडले. 'सौ.' लिहिता येईना, 'गं. भा.' लिहायला हात धजेना. शेवटी कार्ड कपाटात ठेवलं. हे पत्रही निलयच्या नावानं टाकतेय, म्हणजे प्रश्नच नको.

वर्षश्राद्ध होऊ दे, मग पाहू. एकटीसाठी काय करायचं म्हणून स्वयंपाक टाळू नकोस. माया आहे तशीच आहे.
वासंती


जयपूर
३ डिसेंबर

ती. सौ. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, पण सुखासुखी नाही. निलयजी इथे राहतात का, असं डाकिया भैयानं विचारलं आणि तो ते परत न्यायला निघाला. मी जवळजवळ हिसकावूनच घेतलं. या घरात आता मी एकटी. माझ्याच घरी मला दुसऱ्याच्या नावानं पत्र यावं? फार लागलं मला.

रीत मी पाळतेच आहे. दारी ना आकाशकंदील, ना घरात तळण. पण वर्षाच्या आत गोडधोड करू नये एवढं ऐकलंय; माणसाशी बोलू नये, असं काही ऐकलं नाही. राजा पार्कच्या बाजारात कार्डांचं दुकान शोधलं. दुकानदारानं माळ्यावरून खोका काढून फुंकर मारली, तेव्हा आम्ही दोघंही शिंकलो. त्यातलं एक सोबत तुम्हाला. वरचा मोर जरा कोंबड्यावर गेलाय, गोड मानून घ्या. तुमचं नाव लिहिताना मात्र फार दिवसांनी बरं वाटलं.

माझ्या नावाआधी काय घालायचं ते तुम्ही ठरवा. पण मलाच लिहा. संक्रांतीपर्यंत वाट पाहते.
तुमची मालन


सातारा
६ जानेवारी २०२५

मालन,

पाकिटावर तुझं नुसतं नाव घातलंय. पोस्टाला तेवढं पुरतं, मलाही पुरेल. तुझा कोंबडा आरशाला लावलाय. येणारा-जाणारा मोर कुठला म्हणून विचारतो. तिळगूळ घातला नाही, कार्ड तेवढं धाडतेय. शेजारणीनं नाक मुरडलं. मुरडू दे.

तिकडे थंडी कडक असेल, गुडघे जप. पतंगांच्या दिवशी गच्चीवर चढू नकोस. उन्हाळ्यात इकडे ये, मी तिकिटासाठी निलयच्या मागे लागते.

बघता बघता कार्ड भरलं. एकाला कार्ड लिहायचं आणि दुसऱ्याला आशीर्वाद कळवायचा, या सवयीनं शेवटी 'उत्तमला आशीर्वाद' असंही लिहून बसले. खोडवत नाही गं. तूच सांग त्याला.

वासंती