तलाव मीच साफ केला

१५ जून, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. या गावात बोलण्यालायक माणूस उरला नाही म्हणून.

बावीस वर्षं इथंच काढली. मधली दीड वर्षं गोंदियाला कॉलेजात होतो, ती मी धरत नाही. बॉटनीच्या प्रॅक्टिकलमध्ये सरांशी तत्त्वाचा वाद झाला, मी स्टूल लाथाडून बाहेर पडलो, विषय संपला. सेवा मात्र आठवीपासून सुरू आहे. गणपतीत लाईन लावली. पोलिओच्या बूथवर बसलो. कोरोनात गावाच्या तोंडाशी बांबू बांधून उभा राहिलो आणि सख्ख्या मामाला परत पाठवलं. मामा अजून बोलत नाही. सेवेत नातीगोती पाहायची नसतात.

आणि गाव कसं, तर बसस्टॉपवर पाय ठेवायला जागा नाही, सगळ्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या. भिंती लाल. किळस येते. 'स्वच्छ गाव' असं लिहिलेल्या भिंतीवर सगळ्यात जास्त पिचकाऱ्या आहेत.

निश्चय: हे गाव सुधारायचं. तलावापासून सुरुवात. (तलावांचं काम करणाऱ्या संस्थेची चेतना गावात येऊ लागली आहे. पण त्याचा इथं संबंध नाही.)


१८ जून, बुधवार

समाजमंदिरात तलावाचं ट्रेनिंग झालं. चेतना अर्जुनी मोरगावकडची आहे, एमएसडब्ल्यू झालेली, आठवड्यातून दोनदा स्कूटीवर येते. म्हणाली, "तुमच्यासारखे शिकलेले मुलं या कामात आले पाहिजेत." म्हणाली सगळ्यांना, पण पाहिलं माझ्याकडे. माझ्या मागे फक्त खिडकी होती.

बाकी दोन तास शामकलाकाकूनं खाल्ले. ही मासोळी धरणाऱ्या बायकांची पुढारी. बादलीतून एकेक ओलं गवत काढून दाखवत होती. हा चिला, हा चौरा, यात मासोळी अंडे देते, हे लावायचं. ते बेशरम, ते तलाव खाऊन राहिलं, ते उपटायचं. मी बाराव्या मिनिटाला ऐकणं सोडलं. तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत बॉटनी शिकलेल्या माणसाला गवत काय दाखवता? त्यापेक्षा चेतना वहीत लिहीत होती ते पाहण्यासारखं होतं. डावखुरी आहे.


२२ जून, रविवार

श्रमदान. वेळ सकाळी सहा. ग्रुपवर एकतीस जणांनी अंगठा दिला होता, प्रत्यक्षात चार आले. आठ वाजता आलूबोंड्याची टोपली आली तेव्हा मोजले, एकोणीस. खाऊन परत चार. थू.

बेशरम म्हणजे उंच झुडपं, जांभळट फुलांची, पाळीवर (तलावाच्या बांधावर) आणि काठाच्या पाण्यात माजलेली. मी चाळीस मिनिटांत दीड झुडूप उपटलं. मूळ सोडतच नाही. हाताला फोड आले. हे मजुरीचं काम आहे, नेतृत्वाचं नाही, हे तेव्हाच लक्षात आलं.

उरलेल्या अर्ध्या झुडपाची फुलं छान होती. एक डहाळी चेतनाला दिली. ती म्हणाली, "भुपेंद्र भाऊ, हेच तर काढायचं आहे." आणि डहाळी कचऱ्याच्या ढिगावर ठेवली. पण फेकली नाही. ठेवली.

'भाऊ' मनाला लावून घेत नाही. आपल्याकडे कंडक्टरलाही भाऊ म्हणतात.


३ जुलै, गुरुवार

आज गोरेगावचा बाजार. फ्लेक्स छापायला दिला. 'तलाव स्वच्छता महाअभियान. संकल्पना व नेतृत्व: भुपेंद्र.' फोटो टायवाला, कॉलेजच्या आयकार्डचा. दुकानदार म्हणे, कामाचा फोटो नाही का? म्हटलं काम व्हायचं आहे.

परतलो तर छोटेलाल (माझा एकमेव कार्यकर्ता, तोही अर्धवट) सांगत होता, "आठवडा झाला गा, बाया रोज तलावात वाकून असतेत." म्हटलं मासोळी धरत असतील. या लोकांना दुसरं सुचतं काय?


१२ जुलै, शनिवार. संध्याकाळी

चेतनाचा मेसेज, ग्रुपवर: "सोमवारी दहा वाजता मुख्य ऑफिसचे पाहुणे आपल्या तलावाचं काम पाहायला येत आहेत. आपल्या गावासाठी खूप महत्त्वाचं आहे." 'आपल्या' दोनदा.

लगेच तलाव पाहायला गेलो आणि मस्तक फिरलं. उत्तरेच्या काठाला कोणीतरी शे-दीडशे काड्या रोवून ठेवल्या आहेत. त्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या आहेत. आणि मधल्या सगळ्या पाण्यात हिरवं, गिळगिळीत, घाणेरडं गवत. हे पाहुण्यांना दाखवायचं? तिची काय इज्जत राहील?

निश्चय: उद्याच्या उद्या. माझ्या हातानं.


१३ जुलै, रविवार. दुपारी २

केलं!

मी, छोटेलाल आणि त्याचा साळा. सहा तास. एक ट्रॉली भरून गवत काढलं. बेशरमला जीव काढावा लागतो, हे गवत बोटानं निघत होतं. इतकं सहज, की जणू मागच्याच आठवड्यात लावलं असावं. माझी पद्धत बरोबर असल्याचा हा पुरावा. काड्याही उपटल्या, मोळी बांधून आईला चुलीला दिल्या. आई म्हणाली, "चिंध्या कायच्या रे याले?" बायकांना चिंध्या दिसतात, कार्य दिसत नाही.

पाळीवरचं बेशरम राहू दिलं. फुलं आली आहेत, फोटोत बरं दिसतं. त्यालाच फ्लेक्स बांधला.

केशोराव गुरुजी फिरायला आले होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी प्रश्न विचारायची सवय जात नाही. "शामकलाबाईले विचारलं का गा?" म्हटलं, गुरुजी, सेवा विचारून करत नसतात. गुरुजी बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. भारावले असावेत.

दोन फोटो ग्रुपवर टाकले, आधीचा आणि नंतरचा. चेतनानं पाहिले. तिच्या नावापुढे निळी टिक आली. उत्तर नाही. शब्द सुचत नसतील.


१४ जुलै, सोमवार

लिहायची इच्छा नाही.


१४ जुलै, दुपारी ३

तरी लिहितो, कारण सत्य कुठंतरी नोंदवलं पाहिजे.

ते गवत म्हणजे चिला आणि चौरा होता. बायकांनी लावलेला. काड्या म्हणजे हद्द, दिवाळीपर्यंत कोणी आत पाय टाकू नये म्हणून. पाहुणे नेमकं तेच पाहायला आले होते.

पाहुण्यांनी आरशासारखं स्वच्छ पाणी पाहिलं. खूश झाले नाहीत. एका गॉगलवाल्यानं विचारलं, "ये किसने किया?" सांगायची गरजच नव्हती, मागं सहा बाय चारचा फ्लेक्स होता.

चेतना पाळीवर बसून राहिली. शामकलाकाकू माझ्याजवळ आली. मला वाटलं शिव्या देईल, शिव्यांची तयारी होती, दोन उत्तरंही तयार होती. ती हळूच म्हणाली, "बाबू, घरच्या बांदीतले धानाचे परे असेच उपटतं का तू? अठ्ठावीस बाया होतो आमी. सहा दिवस कमरेएवढ्या पान्यात. औंदा मासोळीनं अंडे कुठं द्यावं, सांग."

मी वळून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागलो.

पण माझा मुद्दा कायम आहे. बोर्ड का लावला नाही? चिंधीवर कोणी वाचतं का? आणि ग्रुपवरचे ते सत्तावीस अंगठे कालच्या फोटोला कोणी दिले? आज सगळे म्हणतात आम्ही नीट पाहिलं नव्हतं. ढोंगी. एकेकाची किळस येते.


१६ जुलै, बुधवार

बाबा म्हणाले, "दुकानात बस. खताच्या बोऱ्या मोज. बोऱ्या उपटता येत नाहीत." आमचं कृषी केंद्र आहे. गिऱ्हाईक येतं, युरिया मागतं आणि हसतं. एकानं विचारलं, "धानातलं निंदा-गवत काढाले येतं का गा? पन आधी धान कोनता ते वळखून घेजो." दोन शब्द सुनावले. बाबांनी आत पाठवलं.

सायंकाळी चेतनाचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. पहिल्यांदा. "शामकलाकाकूंकडे जाऊन माफी मागा. आणि रविवारी परत लागवड आहे, त्यात काम करा."

अकरा वेळा वाचला. राग आहे, पण ज्याच्यावर आशा असते त्याच्यावरच माणूस रागावतो.


२० जुलै, रविवार

माफी मागितली. काकू म्हणाली, "माफी राहू दे, खाली उतर."

चिला आणायला बायका चोरखमारा गावाकडच्या तलावावर गेल्या होत्या, पोती भरून, टेम्पोनं. चिखलात पाय रोवून एकेक मूठ लावायची. मी सातला उतरलो. साडेसातला पायाला जळू चिकटली. आठला दुसरी. सव्वाआठला मी लावलेल्या ओळीवर मीच उभा आहे, असं काकूनं दाखवून दिलं. बायका इतक्या हसल्या की पाठीमागची मंजूबाई पाण्यातच बसली. चेतनाही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. गेल्या रविवारनंतर पहिल्यांदा. हे माझंच यश.

नऊला काकूचा निकाल: "याले वर बसवा बाप्पा. म्हशी हाकलाले." म्हणजे लागवडीच्या संरक्षणाची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर. विश्वास असल्याशिवाय कोणी देत नाही.


२७ जुलै, रविवार

पूर्ण आठवडा पहारा. सकाळी सहा ते दहा, सायंकाळी चार ते सहा. एक म्हैस आत गेली नाही. चौऱ्याची पानं पाण्यावर टेकली आहेत, लहान लहान, गोल. कबूल करायला जड जातं, पण पाहत बसावंसं वाटतं. चेतना बुधवारी आली तेव्हा म्हणाली, "छान धरलं आहे." पानांबद्दल म्हणाली असेल. पण धरायला मदत कोणाची?


३ ऑगस्ट, रविवार

घडलं ते असं.

चेतना समोरच्या काठावर नोंदी घेत होती. मी पाळीवर. केशोराव गुरुजींची म्हैस काठाशी आली. नुसती उभी होती. पाणी पिऊन गेलीही असती. पण चेतना पाहत होती, मग मी नुसता बसून कसा राहू? दगड उचलला, आरोळी दिली आणि मारला. दगड बरोबर लागला. म्हैस उधळली, ती बाहेर नाही, आत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मागं धावलो. म्हणजे आधी म्हैस आणि तिच्या मागून मी, असे दोघंही लागवडीतून गेलो. मग भ्यालेली म्हैस परत फिरली.

लागवडीचा तिसरा हिस्सा गेला.

गुरुजींनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ते उभीच होती ना गा. काऊन मारलं?" काकू लुगडं खोचून पाण्यात उतरली. चेतना तिच्यामागं उतरली. मला कोणी उतर म्हटलं नाही.

म्हशींना शिस्त लावण्याबाबत गावात कोणतंही धोरण नाही. हा मूळ प्रश्न आहे.


११ ऑगस्ट, सोमवार

वातावरण बदललं!

छोटेलाल ग्रामपंचायतीत गेला होता. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय, तलाव. त्यात माझ्या नावाचा उल्लेख आहे. विषय शामकलाकाकूनं दिला आणि मसुदा चेतनानं स्वतः लिहून दिला. मी विचारलं सत्काराचा का? छोटेलाल म्हणे, "मले का मालूम, तुयं नाव दोनदा आहे एवढं पाह्यलं."

सत्काराशिवाय नाव दोनदा कशाला येईल? तलाव समितीत घेत असावेत. म्हणजे दर आठवड्याला मीटिंग. तिच्याबरोबर. शेवटी गावाला कळतं.

शर्ट इस्त्रीला दिला. चार पानांचं भाषण लिहिलं. सुरुवात शांत, मध्ये थोडा राग, शेवटी क्षमा. सगळ्यांना.


१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. दुसऱ्या रांगेत बसलो, उठायला सोपं जावं म्हणून. सहा विषय नाल्या, घरकुल आणि भांडणात गेले. सातवा आला तेव्हा खिशातून भाषण काढलं.

ग्रामसेवकांनी वाचलं: "ठराव असा की, गावतलावात लागवड, सफाई अथवा राखण या स्वरूपाची कोणतीही सेवा मच्छीमार महिला गटाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही करू नये. भुपेंद्र गोपीचंद यांनी परवानगी मागितल्यास ती देऊ नये. भुपेंद्र गोपीचंद यांनी पाळीवरही बसू नये."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो. शामकलाकाकू उठून म्हणाली, "पोट्टा वाईट नाही हो. पन त्याची सेवा आमाले झेपत नाही."

सरपंच म्हणाले हात वर करा. हात मोजायला चेतनाला सांगितलं. ती मागच्या रांगेपासून मोजत आली. बाबांचा हात वर होता. आईचा होता. छोटेलालचा होता, त्यानं माझ्याकडे पाहणं टाळलं. गुरुजींचा अर्धा वर होता, मग पूर्ण झाला.

ती माझ्या रांगेशी येऊन थांबली. डाव्या हातात पेन. सरपंचांनी विचारलं, "एकमतानं लिहायचं का?" ती नुसती माझ्याकडे पाहत उभी राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

मी भाषण डाव्या हातात घेतलं आणि उजवा वर केला.

तिनं तोही मोजला आणि पुढच्या रांगेत गेली.