चौथ्या पायाचं गृहीतक

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी दोन अंगं गृहीत धर.) गुडघा कसा आहे? वहिनी गेल्यापासून तुझी पत्रं पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावतात, म्हणून विचारतो.

या हातांनी मी दारं केली, खिडक्या केल्या, एक वळणाचा जिना केला, बायकोचं (तिला न आवडलेलं) कपाट केलं. पण सगळ्यांत आधी केली ती तुझी तिवई. शिकवायला कुणी नव्हतं. आठवतं? मागच्या खोलीची फरशी उंचसखल, कुठलंही स्टूल डुगडुगायचं, तिवई मात्र ढिम्म. मी विचारलं, "असं का रे?" तू पुस्तकातून मान न काढता म्हणालास, "तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं." (एका रेषेत नसलेल्या तीन, हे तू गाळलंस.) "पण का?" "ते गृहीतक आहे, गाढवा. ते सिद्ध करायचं नसतं, त्यावर बाकीचं उभं राहतं." म्हणजे तुमचं अख्खं गणित उभं कशावर, तर 'गप्प बस'वर! आई जेवायला हाका मारून थकली, आपण भांडतच होतो. तसं भांडण पुन्हा मिळालं नाही.

परवा कॉलेजच्या गणित विभागात डुगडुगतं टेबल दुरुस्त करायला बोलावलं. तिथे वाद रंगलेला: गणिताला मुळात पाया आहे का? म्हटलं, ही तर आपलीच माणसं. भरात येऊन मी टेबलाचा चौथा पाय कापून टाकला. डुगडुग बंद! विभागप्रमुखांनी "वा मिस्त्री!" म्हणत कोपर टेकलं, ते नेमकं पाय नसलेल्या कोपऱ्यावर. चहा, पेपर आणि साहेब एकाच प्रतलात आले. फरशीवरूनच म्हणाले, "अहो, तुम्ही गृहीतकच कापलंत!" (तीन पायांचं डुगडुगत नाही, उलटतं, हे तू तेव्हा बोलला नाहीस.) दुसऱ्या दिवशी बाजू मांडायला तिवई नेऊन दाखवली, तेव्हा कुठे हसले.

बायको मात्र हसली नाही. म्हणाली, "भाऊजी हवे होते. त्यांच्यासारखं गाढव तुम्हाला कुणी म्हणत नाही."

तुझा, अजून सिद्ध न झालेला,
धाकटा

ता. क. पोस्टाने उत्तर नको. मागची खोली रंगवली आहे, फरशी मुद्दाम तशीच ठेवली आहे. पुस्तकांसकट कायमचा ये. येशील हे मी गृहीत धरलं आहे. सिद्ध तू करायचं.

आणखी एक ता. क. विभागप्रमुखांनी ती तिवई विभागात ठेवायला मागितली. नाही म्हटलं, मग तू बसशील कशावर? देत होते आठ हजार.