पवन्याचा माळ आप्पासोकडे

मी, दादासो गणू मदने, पूर्वी मेंढपाळ, आता शेती, राहणार मदनेवस्ती, तालुका खटाव, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचा दबाव नसताना हे लिहून ठेवतो. पोटातल्या गाठीवर आता इलाज नाही, असे सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके शाबूत आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण मुलगा विश्वजित नेमके त्यावरच बोट ठेवणार.

१. राहते घर, विहीर आणि विहिरीखालचे रान विश्वजितला. पाटाचे पाणी आले आहे. तिथे त्याने हवा तेवढा ऊस लावावा.

२. बँकेतली शिल्लक मुलगी राणीला. तिच्या आईचा, मनुबाईचा, विळाही तिलाच. त्याची मूठ जळाली आहे. नवी बसवून वापरावा, नुसता जपून ठेवू नये.

३. घोंगडे माझ्या अंगावरच राहू द्यावे.

४. वस्तीमागचा मुरमाड माळ मी अर्धी मेंढरे विकून घेतला, स्वकष्टाचा आहे. त्यावर पवन्या गवत आहे. ते कुणी पेरलेले नाही, काही ठोंब माझ्याहून म्हातारे असतील. उन्हात वरून वाळते, पण बुडखा जिवंत राहतो आणि पावसाला पुन्हा फुटतो. जाळूनही ते मरत नाही. नांगराने मुळे उपटली की मात्र संपले. विश्वजित म्हणतो, "दादा, गवतात काय ठिवलंय? जेसीबी लावू." म्हणून त्याला माळ नाही.

माळ माझा धाकटा भाऊ आप्पासो याला, हयातभर. विकण्याचा व नांगरण्याचा हक्क नाही. त्याच्यामागे राणीला, त्याच अटीवर.

लोक तोंडात बोटे घालतील, म्हणून कारण लिहितो. वाळले गवत उन्हाळ्यात पेटवायचे, म्हणजे मेंढरांना नवी पालवी मिळते, ही आमची जुनी रीत. पेटवण्याआधी माळभर फिरून हाका मारायच्या, हीही रीतच. राणीचे लग्न झाले त्या वर्षी चैत्रात वारे फार होते. मी म्हणालो, "यंदा पेटवू नगंस." आप्पासो म्हणाला, "आवं आण्णा, जाळल्याबिगर कवळी पालवी कशी यायची?" त्याने खालच्या अंगाने काडी लावली. हाक मारली नाही. वर बोरीखाली मनुबाई गवत कापून निजली होती.

पालवी आली. तो म्हणाला होता तशीच कोवळी. मेंढरांनी खाल्ली आणि मी उभा राहून बघितले. तेव्हापासून आमचे बोलणे नव्हते. त्याने विडी सोडली, खिशात काडेपेटी ठेवत नाही, माळाकडे फिरकत नाही.

हे लिहिण्याआधी त्याला बोलावून सांगितले. तो रडला. "आण्णा, मला नगं. तितं पाय ठिववत न्हाई मला."

"म्हणूनच तुला," मी म्हणालो.

दुसरा कुणीही उद्या काडी लावेल. तो लावणार नाही. मी त्याला माफ केले, असा अर्थ मात्र कुणी काढू नये.

५. बी झडल्याशिवाय पवन्याला विळा लावू नये. कापताना मूठभर बुडखा राखावा. बोरीजवळचा एक ठोंब कधीच कापू नये. कोणता, ते आप्पासोला दाखवावे लागणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला आणि सही केली.

सही: दादासो गणू मदने

साक्षीदार: १. नानासो खरात, शेजारी (सही)
२. सयाजी पवार, माजी सैनिक (सही)

ठिकाण: वडूज
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४