मी न दिलेलं इंजेक्शन

अक्का, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मला तुमची भीती वाटते आहे. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. मी आता धुळ्याला असते. खेड्यातल्या दवाखान्यात डॉक्टर पोचेपर्यंत पेशंट जगवता यावा, एवढ्यासाठी नर्सेसना शिकवते. शिकवून शिकवून जीव कंटाळलाय. मुली मन लावून शिकतात, आपापल्या गावी जातात आणि तिथे त्यांना सलाइन लावण्यापलीकडे कुणी काही करू देत नाही.

शिरपूरकडच्या त्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली मी नवीनच होते. केळीच्या बागेत मधमाश्या चावलेला एक माणूस आणलाय, ओठ सुजलेत, श्वास अडकतोय. मी फोन कानाला लावून उभी आहे आणि डॉक्टर उचलत नाहीत. तुम्ही कपाटातून अ‍ॅड्रिनॅलिन काढता, त्याच्या मांडीत देता आणि मगच माझ्यावर ओरडता, "देखी काय ऱ्हायनी, पोरी? मानूस मरी जाई ना!" तो वाचला. तुम्हाला मात्र न विचारता औषध दिलं म्हणून नोटीस आली. ती घडी करून तुम्ही पर्समध्ये टाकलीत आणि चहा मागवलात.

अक्का, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. फक्त त्यात इंजेक्शन मी देते. जिने स्वतः कधी दिलं नाही तिचं कोण ऐकणार, असं पहिल्या वर्षी वाटलं, आणि मग तेच चालू राहिलं.

गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीने तसंच केलं. औषधाची रिअ‍ॅक्शन आलेली बाई, डॉक्टरांचा फोन बंद. बाई सुखरूप घरी गेली आणि मुलीला नोटीस आली. उद्या चौकशी आहे. आज ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, मी तुमचंच उदाहरण देणार आहे. तुम्ही दिलं होतं, म्हणून तर माझी हिंमत झाली."

कुणी विचारलं, कोणता दवाखाना, रजिस्टरवर सही कुणाची, तर माझं सोंग उघडं पडेल आणि माझ्यापायी तिची नोकरी जाईल. मला लाज वाटते, अक्का. तरी "मीही येते" म्हटलं आणि खरं सांगायचं असं मनाशी ठरवलंही.

तेवढ्यात तिने विचारलं, "तेव्हा तुमचा हात थरथरला होता का हो, मॅडम?"

मी म्हटलं, "नाही गं."